आत्याचं नॉर्वेचं गाठोडं

बोलावल्याशिवाय कुणाच्या कार्याला जाऊ नये, ही आमच्या गावची रीत. फक्त माझ्या आत्याला ती कुणी लागू केली नव्हती. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला आणि ती माहेरी, आमच्या घरी, परत आली. गावात लग्न निघालं की कुंकू लावून अक्षत मिळायची ती आईला. आत्याला नुसती रस्त्यावरून हाक यायची, "आक्का, पुरनाला या बरं!" ती जायची. दिवसभर चुलीपुढं राबायची आणि पंगती बसायच्या आत मागच्या दारानं घरी येऊन आमच्यातली भाकरी खायची. मला याचा फार राग यायचा. आत्याला येतो की नाही, हे कळायला मात्र नॉर्वेची बाई यावी लागली.

बाहत्तरच्या दुष्काळात तिसगावच्या बाजूला पाझर तलावाचं काम निघालं होतं. आमचं घरही तिथं खडी फोडायला जायचं. कामावरच्या पोरांची तब्येत बघायला नॉर्वेची एक नर्स येऊ लागली. अंगानं दांडगी, उन्हानं टोमॅटोसारखी लाल झालेली, आणि मराठी मात्र आमच्या गुरुजींपेक्षा शुद्ध. आमच्या उन्हानं तिच्या टाचा फुटल्या. आत्यानं मेण आणि तेल कढवून त्या भेगांत भरलं. त्यानंतर ती बाई संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसायची आणि बिनदिक्कत आत्यापुढं पाय करायची. दोघींचं चांगलंच गूळपीठ जमलं.

परत जायची वेळ आली तेव्हा तिनं आत्याला एक रंगीत चित्र दिलं. दोन्हीकडं काळे उभे डोंगर, मधे निळंशार पाणी, काठावर लाल लाकडी घर. "हे माझे घर आहे. तुम्ही माझ्या घरी या," ती म्हणाली. "उन्हाळ्यात या. तेव्हा फार सुंदर असते."

भूगोलात मी फियॉर्ड शिकले होते, त्यामुळं शहाणपणा करायची संधी मी सोडली नाही. बर्फाची नदी हजारो वर्षं घासत घासत डोंगर कशी कोरते आणि त्या दरीत समुद्र कसा शिरतो, ते मी आत्याला सांगितलं. कळशीभर पाण्यासाठी टँकरची वाट बघण्याचे ते दिवस. खरं सांगायचं तर त्या चित्राकडं बघून माझ्या डोळ्यांचं पारणं वगैरे काही फिटलं नाही, चीडच आली. आत्यानं एवढंच विचारलं, "खारं हाय का गोडं?"

"खारं."

"म्हंजे तितंबी हंडा उचलायचाच."

निघताना माणूस 'या हं एकदा घरी' म्हणतो, तसं बाई म्हणाली असणार, हे मला कळत होतं. आत्यानं मात्र ते बोलावणं मानलं. दुसऱ्याच दिवशी तिनं जुन्या लुगड्याच्या धडप्यात गाठोडं बांधायला घेतलं. घोंगडी घातली. थंडीत गरम माडगं प्यायला बरं म्हणून हुलगे घातले, शिवाय रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून बाईसाठी वेगळे हुलगे. अडचणीही तिच्याच. तिकडं उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, असं मी सांगितलं तेव्हा ती हातातलं काम टाकून बसली. "मंग चंद्र कवा दिसायचा? चतुर्थी सोडायची कशी?" बराच विचार करून तिनं ठरवलं की एक चतुर्थी झाल्यावर निघायचं आणि पुढचीच्या आत परतायचं. विमान, पासपोर्ट, तिकीट यांतलं काहीच तिला आडवं आलं नाही. आडवा आला तो मुऱ्हाळी. सासरी असलेल्या लेकीला माहेरी न्यायला जो माणूस येतो, तो मुऱ्हाळी. तो आल्याशिवाय बाईमाणसानं निघायचं नसतं. आत्या कायमची माहेरीच, तिला न्यायला कोण कशाला येईल? "बाई धाडंल कुनालातरी," असं म्हणून तिनं गाठोडं खुंटीला लावलं.

गावाला आयतीच करमणूक झाली. "आक्का, मुऱ्हाळी आला का वं?" असं पाणवठ्यावर रोज कुणीतरी विचारायचं. आत्या म्हणायची, "यील की."

पुढल्या वर्षी पिकं बरी आली आणि खोळंबलेली लग्नं निघाली. चार घरं पलीकडच्या काकांच्या मुलीचं ठरलं. ती माझ्या वर्गातली. त्यांच्या सुनेनं रस्त्यावरूनच नेहमीची हाक दिली, "आक्का, पुरनाला या बरं!"

"मला न्हाई जमायचं," आत्या आतून म्हणाली. "मला गावाला जायचंय."

"कुठं?"

"नार्वेला."

सून हसत गेली आणि घटकेत सगळी आळी हसायला लागली. आई हसली नाही. काकांच्या विहिरीवर आमचं पाणी होतं. "वन्सं, असं तोडून बोलून कसं चालंल? उद्या त्यांनी विहिरीवर पाय ठेवू दिला न्हाई तर?"

आत्या इतकी वर्षं कधी मोठ्यानं बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. "त्या बाईनं मला 'या' म्हनलं. नुसतं 'या'. हितं माजा जल्म गेला, पर 'पुरनाला या', 'शेवयाला या', 'बाळंतपनाला या'. नुसतं 'या' म्हनून कुनी म्हनलं का मला? तू म्हनलीस का कवा?"

आईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. माझ्याही आलं, कारण मीही कधी म्हटलं नव्हतं.

मग गावात कुजबुज सुरू झाली. विधवेला इतका ताठा कशाला, असं बायका आम्हाला ऐकू जाईल अशा बेतानं बोलू लागल्या. तिकडं काकांच्या घरात वेगळंच पेटलं होतं. नवरी अडून बसली होती. "जल्मल्यावर मला पयली आंघोळ आक्कांनी घातली. त्या मांडवात नसतील तर मला हळद लावू नका." विधवा मांडवात बसली तर अपशकुन होईल म्हणून घरच्या बायका ऐकेनात. आई रोज विहिरीवर जायची ती खालमानेनं जाऊन खालमानेनंच यायची.

लग्नाच्या सकाळी आमच्या दारात बैलगाडी थांबली. दुष्काळात छावणीत ठेवून कसेबसे जगवलेले ते काकांचे बैल, आता शिंगं रंगवलेले. फेटा बांधून काका स्वतः हाकायला बसले होते. चार घरांवरून गाडी! अख्खी आळी दारात आली. काका उतरले, कुंकवाच्या जागी आत्याच्या कपाळाला बुक्का लावला आणि म्हणाले, "आक्का, लग्नाला या."

"पुरनाला का?"

"पुरन शिजलं. तुमी जेवायला या."

आत्या जागची हलली नाही. "मुऱ्हाळी?"

"मीच की," काका म्हणाले. "दिसत न्हाई व्हय?"

तेव्हा मात्र तिचा पदर डोळ्यांना गेला. मग ती आत गेली आणि खुंटीवरचं गाठोडं काढून घेऊन आली. ते मांडीवर घेऊन आत्या गाडीत ताठ बसली. बैलांनी धड पाऊल टाकलं न टाकलं तोच काकांचा मांडव आला. या वेळी हसायला कुणी पुढं झालं नाही. मांडवाच्या तोंडाशी कुणीतरी सवयीनं चुलीकडं हात दाखवला, तर काकाच ओरडले, "पाव्हनी हाय ती!" बाईसाठी राखलेले हुलगे आत्यानं नवरीच्या हातात दिले. आत्या पंगतीला बसली आणि काकांच्या सुनेनं तिला वाढलं.

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं गाठोडं सोडलं आणि घोंगडी झटकून घडी घातली.

"मग नॉर्वे?" मी विचारलं.

"बाईचा मुऱ्हाळी आला तर जाऊ की." एवढं बोलून तिनं उजवा हात माझ्या नाकापुढं धरला. "वास घे. धूर न्हाई, राख न्हाई. नुसता जेवल्याला हात हाय."