मॉरिसच्या पोटातलं पाणी

चौक गावच्या गॅरेजात गाडीखाली झोपायला कुणी तयार नसे. धाकलू ठोंबरे झोपे. गोणपाट अंथरायचं, तोंडाला फडकं बांधायचं आणि आत सरकायचं. गाडीच्या खालच्या अंगाला गंज धरू नये म्हणून डांबर लावायचं काम त्याचं. बाकीचे मिस्त्री जळकं ऑइल फासून अर्ध्या दिवसात गाडी मोकळी करत. धाकलूला चार दिवस लागत. पहिले दोन दिवस नुसतं खरवडणं. तारेच्या ब्रशने पत्रा पांढरा होईपर्यंत घासायचा, रॉकेलने पुसायचा, एक दिवस उन्हात वाळवायचा, मग तांबडा रंग आणि त्यावर कढत डांबर. ओल्या पत्र्यावर त्याने कधी हात चालवला नाही. त्याच्या कामाचं नाव कर्जतपर्यंत होतं आणि ते त्याला ठाऊक होतं.

अडुसष्ट सालच्या वैशाखात लोधिवलीचा हिरामण आपली मॉरिस घेऊन आला. सोळा वर्षांची जुनी गाडी. कर्जत स्टेशनवरून माणसं आणायची, लग्नाची भाडी करायची, अडलेली बाई दवाखान्यात पोचवायची, असं तिच्यावर हिरामणचं घर चाले.

“धाकलू, हिला धा वर्सं काय व्हता कामा नये रं.”

“तुझी धा वर्सं माझ्या अंगावर,” धाकलू म्हणाला.

खाली झोपून खरवडताना त्याला दोन्ही बाजूंच्या दारांखाली, पत्र्याच्या पोकळ पट्टीला, बारीक भोकं दिसली. पेन्सिल जाईल एवढी. एका बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला पाच. त्यांत ना स्क्रू, ना काही. धाकलू भातशेती करणाऱ्याच्या घरचा. पेरणीआधी बांधावर फिरून खेकड्याचं एकूणएक बीळ चिखलाने बुजवायचं, हे काम त्याने लहानपणापासून केलेलं. एक बीळ राहिलं तरी खाचरातलं पाणी रात्रीत जातं. भोक दिसलं की त्याचा हात आपोआप जाई. त्याने चिंध्या डांबरात भिजवल्या आणि दहाच्या दहा भोकांत ठोकून बसवल्या.

गॅरेजचे मालक आबाजी वाकून बघत होते.

“अरं, ज्यानं गाडी बनवली त्यानं ती भोकं कशाला तरी ठेवली असतील ना?”

“कशाला? पाणी प्यायला?”

सगळे हसले. आबाजीही हसले आणि गेले. धाकलूने पुढच्या चिंधीवर हातोडी मारली.

दर वैशाखात गाडी येई. धाकलू डांबराचा नवा हात देई आणि चिंध्या अंगठ्याने दाबून बघे. पक्क्या असत.

सत्तर साली हिरामण तक्रार घेऊन आला. दारं लोंबायला लागली होती. उचलून लावल्याशिवाय बसत नव्हती. पायाखालचा पत्रा कडेला मऊ लागत होता. बरोबर त्याची बायको बायजा होती. तिला खोपोलीला भावाकडे सोडायचं होतं. धाकलू गाडीखाली जाऊन आला. खाली सगळं काळं, कडक, चकचकीत.

“माझ्याकडून काय नाय. वरनं पाणी जात असंल,” तो म्हणाला.

हिरामण बायकोकडे वळला. “बघ! रोज बादल्या वततीस म्हशीसारक्या! गाडी हाय का म्हैस?”

“मंग काय, धूळ खात ठेवू?” बायजा म्हणाली. “पाव्हणं बसत्यात तिच्यात.”

“आजपास्नं हात लावायचा नाय.”

ती गाडीत जाऊन बसली. धाकलू हात पुसत होता. बाईला चार माणसांत बोलणं बसलं ते त्याला बरं वाटलं नाही, पण आपल्या कामावर बोट आलं नाही ते बरं वाटलं.

मग हे लोधिवलीत सगळ्यांना ठाऊक झालं. कुणी गाडीत बसलं, दार लोंबलं, की हिरामण सांगे, “आमच्या बायजाबाईंची करणी.” ती मागे अंगणात असे, ऐकत असे.

एकाहत्तर सालची दिवाळी झाली, हिरामण टायर बदलायला गाडी घेऊन आला आणि मागच्या टायरजवळ एक चिंधी सैल झाल्याचं धाकलूला दिसलं. बदलावी म्हणून त्याने ती पकडीने ओढली. पाणी आलं. चहासारखं तांबडं पाणी त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं आणि येतच राहिलं. पाठोपाठ गंजाचे पापुद्रे. त्याने दुसरी चिंधी ओढली, तिसरी ओढली. पट्टीला स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो बिस्किटात जावा तसा आत गेला. बाहेरून डांबर तेवढं शाबूत होतं.

वरून पाणी जातच होतं. पावसाचं काय, धुण्याचं काय, प्रत्येक गाडीत ते जातं. ते बाहेर पडायला ती भोकं होती.

हिरामणचे पाय गाडीशेजारी दिसत होते. “काय रं, झालं का?”

“झालं,” धाकलू म्हणाला.

भोकं त्याने उघडी ठेवली. पाण्यावर गोणपाट ओढलं. बाहेर येऊन हात पुसले. हिरामण गाडी घेऊन गेला.

पुढे त्याच्याच्याने काम होईना. ब्रश हातात घेई, घासे, आणि कुठवर घासलं ते विसरे. घरी बायको मैना विचारी, अंगात कसर आहे का? तो नाही म्हणे. त्याला कुजलेल्या पत्र्याचं एवढं वाटत नव्हतं. पत्रा कापता येतो, नवा जोडता येतो. त्या बाईचं दीड वर्ष कुठून कापून काढायचं?

पंधराव्या दिवशी, रविवारी, तो सायकलवरून लोधिवलीला गेला. हिरामण ओट्यावर दाढी करत होता. बायजा तांदूळ निवडत होती. धाकलू बसला नाही. उभ्याउभ्याच त्याने सगळं सांगितलं. भोकं, चिंध्या, आबाजींचं बोलणं, पाणी.

हिरामणने साबणाच्या तोंडाने ऐकलं आणि म्हणाला, “च्यायला! म्हंजे तूच? मी उगाच हिला...” आणि हसायला लागला. “जाऊ दे रं. मुद्दाम थोडंच केलंस?”

बायजाने सूप खाली ठेवलं.

“तुमाला कवा समाजलं, धाकलूभाऊ?”

‘काल’ म्हटलं असतं तर चाललं असतं. शब्द ओठावर आलाही.

“पंधरा दिस झालं, वैनी.”

“मंग पंधरा दिस काय करत व्हता?”

तिने सूप उचललं आणि ती आत गेली.

पुढचे सहा रविवार धाकलूने दोन्ही पट्ट्या कापून नव्या जोडल्या. आतून रंग दिला. भोकं मोजून, जिथल्या तिथे पाडली. हिरामणने चौकच्या नाक्यावर गोष्ट सांगितली ती अशी: स्वतःची चूक स्वतः घरी येऊन सांगणारा मिस्त्री चौकात एकच. पंधरा दिवसांचं त्याने गाळलं. बायजानेही कुणाला सांगितलं नाही.

गॅरेजात आबाजींनी सगळ्यांसमोर त्याच्या पाठीवर थाप मारली. “शिका जरा याच्याकडनं. असा माणूस पायजे.”

“मी पंधरा दिस गप व्हतो,” धाकलू म्हणाला.

“अरं, सांगितलंस ना शेवटी?”

“ती बाई रोज बोलणी खात व्हती.”

“बायकांना सवय असते रं,” कुणीतरी म्हणालं, आणि सगळे आपापल्या कामाला लागले.

धाकलूने गोणपाट अंथरलं. तोंडाला फडकं बांधायचं राहिलं. तो तसाच आत सरकला आणि गंजाची धूळ तोंडावर घेत खरवडत राहिला.