पुलाच्या जोडावर थरथरलेलं स्टिअरिंग

ती केस मी आजवर कुणालाही पूर्ण सांगितलेली नाही. बायकोला अर्धीच ठाऊक आहे. नोकरीची वर्षं भरली की इथे अमेरिकेत पोलिसाला पन्नाशीच्या आतही पेन्शन घेऊन बाहेर पडता येतं, तसा मी पडलो. आता खात्याचं बंधन नाही. नावं गाळतो, बाकी काही गाळत नाही.

ॲरिझोनात, चँडलरच्या पुढे एका लहान शहराच्या पोलीस खात्यात मी अपघात तपासाचं काम करत होतो. खात्यात मराठी मी एकटाच. सकाळी सातला हजेरी, मग गस्तीच्या गाडीचे दिवे आणि सायरन तपासायचे, अंगावरचा कॅमेरा चार्ज आहे का बघायचं आणि निघायचं. त्या दिवशी नऊच्या सुमारास रेडिओवर कॉल आला. कालव्यावरच्या पुलापुढे एक उंच केलेली ऑफ-रोड गाडी लेन सोडून रस्तादुरुस्तीच्या ट्रकला घासली होती. एका कामगाराचा पाय मोडला होता.

गाडी चालवणारी मुलगी चोवीस-पंचवीसची, इथेच जन्मलेली, ॲम्ब्युलन्स सेवेत नुकतीच प्रोबेशनवर लागलेली. तिने माझ्या छातीवरचं आडनाव वाचलं आणि तिचा चेहरा जरा सैल झाला.

"काका, आय स्वेअर, मी काही नाही केलं. पुलाच्या जॉइंटवरून गेले आणि स्टिअरिंग एकदम शेक व्हायला लागलं. हातात राहतच नव्हतं."

माझा अमेरिकन सहकारी शेजारीच उभा होता. शब्द त्याला कळले नाहीत, सूर कळला. "नात्यातली का रे?" तो हसून म्हणाला.

"नाही," म्हणालो, आणि तिला इंग्रजीत सुनावलं, "मला ऑफिसर म्हणायचं."

आपल्या माणसाला सूट दिली असं कुणी म्हणू नये, म्हणून आपल्या माणसांशी मी जरा जास्तच कडक वागायचो. हा माझा जुना आजार. ट्रकवाल्याने जबाब दिला की गाडी दारू प्यायल्यासारखी झुलत होती. तिची दारूची चाचणी कोरी निघाली, तरी मी बेदरकार ड्रायव्हिंगचा गुन्हा लावला. रिपोर्टात चालकाच्या म्हणण्यापुढे लिहिलं, 'खुलासा दिला नाही.' तिने दिलेला खुलासा माझ्या कानात ताजा होता.

त्याच दिवशी ॲम्ब्युलन्स सेवेने तिला घरी बसवलं. गुन्हा कोर्टात शाबीत झाला असता तर नोकरी गेली असती. तारीख सात आठवड्यांवर होती.

गाडी टो यार्डात जमा केली. फेंडर चेपला होता, बाकी ती चालती होती. खात्याच्या मेकॅनिकने ती लिफ्टवर हवेत उचलली, चाकं आणि सांधे हाताने हलवून पाहिले आणि 'दोष नाही' असा शेरा मारला. फाइल माझ्याकडून बंद झाली.

दोन आठवड्यांनी यार्डातल्या म्हाताऱ्या टोवाल्याचा फोन आला. "ऑफिसर, त्या उंच गाडीकडे कुणी नीट बघितलं का?"

"बघितलं. लिफ्टवर घेऊन."

"लिफ्टवर!" तो खोकला का हसला, कळलं नाही. "माणसाला झोक्यावर बसवून विचारायचं, बाबा रे, लंगडतोस का? ती टो ट्रकवरून उतरवताना पुढून टक् टक् वाजत होती. ये, जमिनीवर बघू."

मी गेलो. कर्तव्य वगैरे नंतर. मला खरंच बघायचं होतं काय वाजतंय ते. म्हाताऱ्याने मदतनिसाला स्टिअरिंगवर बसवलं, इंजिन चालू ठेवायला लावलं आणि बजावलं, "थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. मी ओरडेपर्यंत थांबायचं नाही." मग तो गाडीखाली शिरला आणि मलाही ओढलं. "युनिफॉर्म मळेल म्हणून घाबरतोस? चल. एकेका सांध्यावर बोटं ठेव. चौकशी तुलाच येते ना?"

मी बोटं ठेवत गेलो. पहिला सांधा गप्प. दुसरा गप्प. पुढचा आस आडवा सरकू नये म्हणून गाडीच्या सांगाड्याशी त्याला एका लोखंडी दांड्याने बांधलेलं असतं, त्याला ट्रॅक बार म्हणतात. त्याच्या वरच्या बोल्टवर बोटं ठेवली आणि बोल्ट बोटांखाली उडी मारायला लागला. भोक घासून घासून लांबट झालं होतं.

"लिफ्टवर का नाही सापडला?"

"चाकं लोंबकळली की दांडा पिळला जातो आणि बोल्ट जाम होतो. गाडीचं वजन आलं की मोकळा. मग एक दणका पुरतो. चाकं डावी-उजवी फडफडायला लागली की वेग पार उतरेपर्यंत थांबत नाहीत. ड्रायव्हरने काय करायचं? देवाचं नाव घ्यायचं."

"पुलाच्या जोडाचा दणका पुरेल?"

"भरपूर. पण पुलाचं तुला कुणी सांगितलं?"

मी बोल्टवरची बोटं काढून घेतली. गाडीखालच्या अंधारात माझा चेहरा त्याला दिसला नसावा.

दुसऱ्या दिवशी मुलीच्या वडिलांना स्टेशनवर बोलावलं. मूळचे पुण्याचे, कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात मोठे इंजिनिअर. गाडी त्यांची आणि उंच केलेलीही त्यांनीच, घरच्या गॅरेजमध्ये.

"बोल्ट कुणी घट्ट केला?"

"मी. टॉर्क रेंचने, नेमका जोर मोजून केलाय, अहो! आकडा लिहून ठेवलाय."

"तेव्हा गाडी कुठे होती?"

"स्टँडवर उचललेली. चाकं काढलेली होती."

"चाकं जमिनीवर आल्यावर पुन्हा घट्ट केला?"

"कशाला? आकडा बरोबर होता ना." मग आवाज खाली आला. शंभर मैल चालवून पुन्हा घट्ट करायचं असं सूचनांच्या कागदात होतं. आकड्यावर भरवसा ठेवून त्यांनी ते सोडून दिलं होतं.

मी गप्प बसलो. चौकशीत प्रश्नापेक्षा गप्प बसण्याने जास्त निघतं. हुशार माणसाला शांतता सहन होत नाही.

"याआधी दोनदा थरथरली होती," ते म्हणाले. "मी टायर बॅलन्स केले, स्टिअरिंगचा डॅम्पर बदलला. थांबलं. मला वाटलं सुटला प्रश्न."

डॅम्पर म्हणजे धक्के गिळणारी नळी. नव्या नळीने थरथर दोन महिने दाबून ठेवली, एवढंच.

"मुलीला सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तिच्या आईने मला गाडीसकट घराबाहेर काढलं असतं." हसायला गेले, आणि डोळे पुसायला लागले.

पुरवणी रिपोर्ट गेला, गुन्हा मागे घेतला गेला. यार्डातून सुटल्यावर बाप-लेकीने म्हाताऱ्याच्या देखरेखीखाली भोकावर जाड पत्रा वेल्ड करून घेतला, नवा बोल्ट घातला आणि चारी चाकं जमिनीवर ठेवून घट्ट केला. शंभर मैलांनी पुन्हा. गाडी सरळ चालायला लागली.

पण पुरवणी रिपोर्टात मी लिहिलं, 'अधिक तपासात नवी माहिती मिळाली.' नवी! ती पहिल्या पाच मिनिटांत सांगून मोकळी झाली होती. कॅप्टनने चिकाटीबद्दल प्रशस्तिपत्र दिलं, ते मी हात पुढे करून घेतलं. दरम्यान मुलीचं प्रोबेशन मोडलं होतं. तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. वर्ष गेलं.

त्या केसने मला एक गोष्ट शिकवली. मी स्वतःला निःपक्षपाती समजत होतो आणि समोरच्याचा चेहरा बघून कान बंद करत होतो. मेकॅनिकने जमिनीवर उभी न करता गाडी तपासली. मी तर ऐकलेलंच पुसलं. त्याची ती चूक होती. माझं काय होतं, ते वाचकांनी ठरवावं.

निवृत्तीनंतर त्यांच्या घरी गेलो. वडील चहा करायला आत गेले तेव्हा मुलीला सगळं सांगितलं. ती आता ॲम्ब्युलन्स चालवते. शांतपणे ऐकून घेतलं.

"आय नो," ती म्हणाली. "आमच्या वकिलाने तुमच्या कॅमेऱ्याचं फुटेज मागवलं होतं. आम्ही सगळ्यांनी बघितलं."

"मग तक्रार का नाही केली?"

"बाबा म्हणाले, जाऊ दे, आपलाच माणूस आहे, त्याची नोकरी जाईल." तिने खांदे उडवले. "माय जॉब वॉज अ जॉब टू."

मी सॉरी म्हणायला लागलो.

"सॉरी म्हणू नका," ती म्हणाली. "इट्स फॉर यू, दॅट सॉरी. करायचं असेल तर तुम्हीच कंप्लेंट फाइल करा."

सोमवारी जुन्या स्टेशनवर गेलो. खिडकीवरच्या नव्या क्लार्कने फॉर्म उलटसुलट पाहिला. "सर, तक्रारदार आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार, दोन्हीकडे एकच नाव पडलंय. दुसरा फॉर्म देऊ?"

"नको," म्हटलं. "बरोबर भरलाय."