बोलणी चालू असताना

राजाराम मास्तर गेल्याची बातमी मला नंदुरबारला सरकी काढायच्या जिनात कामावर असताना कळली. कापसाची गाडी घेऊन आलेल्या आमच्या कोरीट गावच्या माणसाने बैल सोडता सोडता सांगितलं, "मास्तर गयात भाऊ, सकायले." मी हातातली वजनाची चिठ्ठी पुरी करून त्याला दिली, आणि मग सायकल काढली. याला आता दीड महिना झाला. ज्या माणसावर मी सहा वर्षं डूख धरून होतो, तो माझ्याशी भांडायलाही उरला नाही, याचं दुःख कुणाला सांगावं ते कळत नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

मास्तर आमच्या शाळेतून निवृत्त झाले आणि गावाचे परराष्ट्रमंत्री झाले, असं आम्ही थट्टेने म्हणायचो. मुंबईचा पेपर आगगाडीने एक दिवस शिळा होऊन यायचा. जिनातून सुटलो की तो सायकलवरून मीच कोरीटला नेत असे, आणि मारुतीच्या ओट्यावर मास्तर तो मोठ्याने वाचत. नुसता वाचत नसत, आमच्या पदरात पडेल असा करून सांगत. जर्मनी म्हणजे वाटणीत नाराज झालेला धाकटा भाऊबंद, इंग्रज म्हणजे सगळ्यांच्या बांधावर हक्क सांगणारा थोरला काका, आणि अमेरिका म्हणजे भांडण रंगेपर्यंत ओसरीवर पान खात बसलेला शहाणा. लोक पोट धरून हसत. पण हसून झालं की विचारत, "मंग आते काय व्हई, मास्तर?" आणि मास्तर जे सांगतील ते गावाचं मत ठरे.

हा विश्वास त्यांनी कमावलेला होता. आमचा आणि शेजारच्या शेतकऱ्याचा बांधाचा वाद कुऱ्हाडीपर्यंत गेला होता, तेव्हा मास्तरच मध्ये पडले. आमच्याकडे रीत अशी, की मध्यस्थाची बोलणी चालू आहेत तोवर वादाच्या पट्ट्यात कोणी नांगर घालायचा नाही आणि कोणी कोणाच्या अंगावर जायचं नाही. आठ महिने मास्तर या घरून त्या घरी चहा पीत हिंडले. पट्ट्यात गुडघाभर गवत वाढलं, पण दोन्हीकडच्या एकाही माणसाने त्यात पाय घातला नाही. शेवटी बांध ठरला. मास्तरांना वाटे, माणूस कुठलाही असो, एवढी लाज त्याला असतेच.

एकेचाळीस सालच्या मार्गशीर्षात माझा थोरला भाऊ हिलाल पलटणीतून रजेवर आला. पलटण बोटीने पूर्वेकडे जाणार, एवढंच त्याला ठाऊक होतं. मायने मनाशी ठरवून टाकलं होतं, की रजा संपली तरी त्याला परत धाडायचं नाही, डोंगरात मामाकडे लपवायचं. हिलाल तयार नव्हता, पण मायच्या शब्दाबाहेरही नव्हता. शेवटी ती मिरच्या निवडत होती तिथून उठली आणि मास्तरांना घरी बोलावून आणलं. "तुम्ही पेपर वाचतस. मन्हा पोऱ्याले जाऊ देऊ का?" मास्तरांनी मीच आणलेला पेपर पुन्हा उघडला, चष्मा पुसला... आणि सांगितलं, "वहिनी, जपानना वकील अमेरिकामा बसेल शेतस. बोलणं चालू शे. बोलणं चालू शे तवलग कोनी हात उचलत नही. धाडी दे त्याले."

हिलाल गेला. आठ-दहा दिवसांत पेपर आला, की बोलणी चालू असतानाच जपानने अमेरिकेच्या आरमारावर बाँब टाकले. तो पेपरही मीच घेऊन गेलो होतो. मास्तरांनी पहिली ओळ वाचली, मग ती मनातल्या मनात पुन्हा वाचली, आणि ओट्यावरून उठून घरी गेले. सिंगापुराहून हिलालचं एक कार्ड आलं, त्यानंतर सिंगापूर पडलं, आणि सरकारी कागदात भाऊ बेपत्ता झाला. आजतागायत तसाच आहे. मी मास्तरांना नाही नाही ते बोललो. भर ओट्यावर बोललो.

मायने मात्र एक शब्द काढला नाही. महिनाभराने तिनेच निरोप धाडला की पेपर घेऊन या. मग रोज संध्याकाळी ते आमच्या अंगणात येत आणि तिच्या एकटीसाठी जगाच्या बातम्या वाचत. आता काका नाही, भाऊबंद नाही, नुसता छापलेला मजकूर. कुठे तह, कुठे वाटाघाटी असं आलं की ते थांबून चष्मा पुसत. माय म्हणे, "वाचा, मास्तर. थांबू नका." ही सेवा होती की शिक्षा, ते मला कळलं नाही. शेवटच्या भेटीत तापाने निपचित पडलेले असताना ते मला म्हणाले, "तू बोलना ते बरं वाटनं. वहिनी एकदाबी बोलनी नही रे..."

आता मायला पेपर मी वाचून दाखवतो. संध्याकाळ झाली की ती अंगणात पोतं टाकते, मास्तर बसत तिथेच, आणि मला तिथे बसू देत नाही, पलीकडे बसवते. मध्येच मान वळवून त्या रिकाम्या पोत्याकडे बघते. मलाही कधीकधी चष्मा पुसल्याचा भास होतो. गेल्या आठवड्यात मी वाचलं, की काश्मीरवरून हिंदुस्थान आणि पाकिस्तान, दोघांचे वकील अमेरिकेत समोरासमोर बसले आहेत. मायने विचारलं, "बोलणं चालू शे?" मी हो म्हणालो. ती उठली, पदर डोक्यावर घेतला आणि खालच्या आळीला चालू लागली. तिथल्या दगा नावाच्या शेतकऱ्याचा मुलगा पलटणीतून रजेवर आला होता, परवा परत निघणार होता. मी मागोमाग पोचलो तोवर ती त्याच्या आईचा हात धरून सांगत होती, "पोऱ्याले जाऊ देऊ नको, बाई. बोलणं चालू शे." त्या बाईला काही उमगेना. मायला सोडून तिने माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, पेपर तर तू वाचस. तूच सांग, धाडू का?" पेपर माझ्या काखेत होता. मी तो काढून पुन्हा उघडला.