गजकर्ण नव्हतं ते

धानाच्या रोवणीच्या दिवसांत ओल्या परकराचा नाडा दिवसभर घासला, की कमरेला गजकर्ण उठतं. आमच्या पवनीकडच्या बायकांना हे नवीन नाही. मलाही झालं. मलमाने दबलं, पुन्हा आलं. मग डॉक्टरांनी पोटात घ्यायच्या गोळ्या लिहून दिल्या. कंबर साफ होत आली. गुण येतोय म्हणून मी उरलेल्या गोळ्याही नेमाने घेत राहिले.

निंदणाच्या वेळी पावसाने उघडीप दिली, ऊन कडक पडलं आणि माझ्या हातांवर, गळ्याभोवती, पाठीच्या वरच्या भागावर लाल गोल उठले. कडेला खपली, मधे साफ. ज्याने पाहिलं त्याने एकच नाव घेतलं. औषधाच्या दुकानात हात दाखवला, तर दुकानदार लांबूनच म्हणाला, "तेच हाये. आणखी गोळ्या घ्या लागते." मी घेतल्या. गोल वाढले.

झाकलेल्या अंगावर एकही नव्हता, ऊन लागत होतं तिथेच सगळे. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

घरात माझा टॉवेल वेगळा झाला, मग साबण, मग अंथरूण. सासू वाईट नाही. नातीच्या काळजीनेच म्हणाली, "पोरीले जवळ नोको घेऊ, बाई. नाजूक अंग हाये तिचं." मुलगी तेव्हा अंगणवाडीत होती. पहिल्या दिवशी ती रडली, मीही रडले. पुढे तिचं रडणं थांबलं, माझंही. ती दारात उभी राहून गाणं म्हणून दाखवायची, मी आतून मान हलवायची. एवढंच आमचं नातं उरलं होतं आणि मला त्याचंही काही वाटेनासं झालं होतं.

दिवाळीनंतर नवरा मला भंडाऱ्याला, कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी आधी गोळ्यांची पाकिटं मागितली. मग तपासायला दंडावरच्या कातडीचा तुकडा काढला. सुन्न करायची सुई टोचताना म्हणाल्या, "थोडं दुखेल." मला काही कळलंसुद्धा नाही.

रिपोर्ट आल्यावर त्या म्हणाल्या, "हे गजकर्ण नाही. या गोळ्यांनी क्वचित कुणाला असे चट्टे येतात, उन्हाने वाढतात. गोळ्या बंद करा, ऊन टाळा. आणि हे कुणाला लागत नाही."

"पोरीले बी नाही?" नवऱ्याने विचारलं.

"कुणालाच नाही."

एसटीत तो म्हणाला, "चला, बरं झालं." काय बरं झालं, ते मी विचारलं नाही. राग यायला हवा होता. तोही आला नाही.

घरी सासूने सगळं ऐकलं, पदर तोंडाला लावला आणि नातीला उचलून माझ्या मांडीवर आणून बसवलं. पोर हात पोटाशी धरून ताठ बसली.

चट्टे जाता जाता उन्हाळा लागला. आता कातडी साफ आहे. शेतात मी नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून जाते. मुलगी शाळेतून आली की अजूनही आधी माझे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहते, मगच मांडीवर बसते. तेवढं मात्र दुखतं. ती दारात दिसली की मीच बाह्या वर करून ठेवते.