वन-वेचा सत्कार

चहा येऊ द्या, तोवर माझं ऐका. कुणाला टोमणा मारायचा असंल तर खुशाल मारा, पण त्या टोमण्याला शाल आन् नारळ लावू नका. मी लावला. तवापासून गल्लीतून मान खाली घालून जातो, आन् तेबी लांबच्या रस्त्यानं.

झालं काय, शहागंजच्या पलीकडं आमचा चौक. चौकातून आत वळलं की आमच्या अण्णांची, म्हणजे वडिलांची, पिठाची गिरणी. पिशोरची शेती भावकीत वाटून संपली तवा त्यांनी ही टाकली, तिच्यावरच घर चालतं. तर एका सकाळी वाहतूकवाल्यांनी चौकात बोर्ड ठोकला. वन-वे. गिरणीकडून मेन रोडला जायचं, मेन रोडवरून गिरणीकडं यायचं नाय.

म्हणजे गिऱ्हाईक जाऊ शकतं, येऊ शकत नाय. मला सांगा, असा धंदा जगात कुणी केलाय का?

यायचंच असंल तर शहागंजला वळसा. तो वळसा म्हणजे काय, तुम्हाला ठावं हाय. हातगाड्या, रिक्षा, टेम्पो, मधीच एखादं कुणाचं तरी लग्न. बाई स्कुटीवर ज्वारीचा डबा घेऊन चौकात आली की तिला गिरणी दिसायची, गिरणीतून अण्णांना बाई दिसायची. दोघं एकमेकांकडं बघायचे. मधी हवालदार. मग बाई निघायची मेन रोडवरच्या दुसऱ्या गिरणीत.

शेजारच्या पंक्चरवाल्या जब्बारभाईंचं दुखणं वेगळं. "लोगां पंक्चर गाडी ढकलते शहागंज घूम के आते. तब तक ट्यूब का कीमा हो जाता. मैं पंक्चर निकालूँ या कबाब लगाऊँ?"

बरं, हा वन-वे महिन्याभराच्या प्रयोगासाठी होता. शेवटी वाहतुकीचे साहेब चौकात येऊन लोकांच्या अडचणी ऐकणार, मग ठरवणार. पक्का झाला तर गिरणीला कुलूप, असं अण्णांनी घरात सांगूनच टाकलेलं.

गिरणीतच मीटिंग बसली. अध्यक्ष देशपांडे काका, सारी नोकरी वैजापूरच्या तहसीलात गेलेली. ते म्हणाले, "साहेबांपुढं रीतसर तक्रार मांडू. एकेकानं उठायचं, अडचण सांगायची, बसायचं."

मी म्हणालो, "काका, तक्रार तर समदेच करतात. साहेबाला सवय असती त्याची. आपण सत्कार करू."

"डोकं फिरलं का तुझं?" अण्णा म्हणाले. "गिरणी बंद पडायला आली आन् ह्याला सत्कार सुचतोय."

"अण्णा, टोमणा हो. शाल, नारळ, फेटा, हार. भाषणात असं आभार मानतो की साहेबाला लाजून चौकातून पळावं लागंल."

जब्बारभाईंना लई आवडलं. "जूता भिगा के मारेंगे," म्हणाले. काकांनी जरा विचार केला आन् विचारलं, "फेटा कोण बांधणार?" म्हणजे मंजूर.

साहेब आले. मी माइक घेतला. माझा चेहरा बघा ना, मयतीला आल्यावानी. हसूच येत नाय. त्याच चेहऱ्यानं सुरू केलं.

"साहेब, तुमचे उपकार कसे फेडावे. आधी आम्ही दोन मिनिटांत घरी पोचायचो, आयुष्य वाया चाललं होतं. आता रोज आख्खं शहागंज बघून येतो. दूध आणायला जातो, घरी येईस्तोवर दही होतं, विरजणाचा त्रास वाचला. शेजारी एकमेकांना भेटत नव्हते, आता ट्रॅफिकमधी तासतास भेटतात."

मला वाटलं, आता साहेब लाल होणार.

पण इथंच घोटाळा झाला. आपल्याकडं माणसाच्या गळ्यात हार पडला की लोकांचे हात आपोआप वाजतात. टोमणा कुणाच्या ध्यानातच राहिला नाय. पहिली टाळी कुणाची? जब्बारभाईंची. मग समदी गल्ली. काकांनी शाल पांघरली. ती नीट बसंना, तर अण्णा उठले. अण्णा, ज्यांच्या गिरणीवर गदा आलेली, ते शालीची घडी सरळ करून म्हणाले, "आता फोटो घ्या." बायांनी तर ताट आणून साहेबाला ओवाळलं. हे आमच्यात ठरलेलंच नव्हतं.

साहेब उठले. फेटा डोळ्यांपर्यंत आलेला, आन् डोळ्यांत पाणी.

"मंडळी, सगळ्या नोकरीत मी शिव्याच खाल्ल्या. सत्कार हा पहिलाच. खरं सांगू? मी आज वन-वे रद्द करायला आलो होतो. चार जणांनी जरी तक्रार केली असती ना, तर आत्ता बोर्ड काढून नेला असता. पण तुमचं एवढं प्रेम बघून मी जाहीर करतो, वन-वे आजपासून कायम."

पुन्हा टाळ्या.

मी काकांना कोपरानं ढोसलं, "काका, सांगा त्यांना, टोमणा होता म्हणून." काका उठले, "साहेब, त्याचं असं आहे…" तेवढ्यात साहेब वाकले आन् काकांच्या पाया पडले. आता पाया पडलेल्या माणसाला काय सांगणार? काका म्हणाले, "यशस्वी व्हा," आन् खाली बसले.

"अबे," जब्बारभाई माझ्या कानात म्हणाले, "भिगाया उनकू, मारा हमकू."

मी मनात म्हणालो, आपणच उठावं आन् खरं सांगून टाकावं. उठलो. तर साहेबांनी मलाच जवळ ओढलं. "ह्या पोरासारखी जाण पाहिजे. आजपासून हा चौकाचा वाहतूक मित्र." गळ्यातला हार काढून माझ्या गळ्यात घातला आन् हातात शिट्टी दिली. "दाखव बघू उभा राहून."

कार्यक्रम उरकला तसे अण्णा भाड्यानं आणलेला माइक घेऊन मेन रोडला गेले, मंडपवाल्याला परत द्यायला. परत आले ते सरळ चौकातून. लुनावर. सवयीनं.

मी आडवा गेलो. "अण्णा, शहागंजवरून या."

त्यांनी लुना थांबवली. माझ्याकडं बघितलं, हाराकडं बघितलं, शिट्टीकडं बघितलं.

"गिरणी समोर दिसती रं," म्हणाले.

"व्हय, दिसती."

"आन् नाय वळलो तर काय करशील?"

"दुसरं काय करता येत नाय मला. शिट्टी वाजवता येती."

"मग वाजव," अण्णा म्हणाले. "गल्लीला कळू दे, कुणाचं पोरगं हाय."

वाजवली. काय करणार, साहेब मागंच उभे होते. आन् खरं सांगू? पहिली टाळी पुन्हा जब्बारभाईंचीच.