मचूळ पाण्याची टाकी

आमच्या सरांइतका लाजणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. चारचौघांत बुजणारे पुष्कळ असतात, सर तसे नव्हते. त्यांना लाज वाटायची ती हातून काही कमीजास्त झाल्याची. फळ्यावर काढलेलं बेडकाचं हृदय जरा वाकडं आलं तरी त्यांचे कान लाल व्हायचे. दुसऱ्याच्या वाटची लाजसुद्धा तेच बाळगायचे. परीक्षेत कॉपी करताना सापडलेला मुलगा ताठ मानेनं उभा आणि सर जमिनीकडे बघताहेत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. नगरच्या कॉलेजात मी तेव्हा प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. माझा स्वभाव नेमका उलटा, मला लाज कमी आणि राग जास्त. म्हणूनच बहुधा आमचं जमलं.

सर सोनईजवळच्या एका खेड्यातले, शेतकऱ्याघरचे. परदेशात काही वर्षं मेंदूवर काम करून आले आणि पुण्या-मुंबईला न राहता नगरला आले, कारण आई गावी एकटी होती. येताना त्यांनी एका औषधाची लहानशी बाटली आणली होती. ती प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये असायची आणि त्या फ्रीजमध्ये कुणी पाण्याची बाटली ठेवली तर सर कधी नव्हे ते चिडायचे.

त्यांचं सगळं काम माशांवर. काचेची एक पेटी, तिचे दोन कप्पे. एका कप्प्यात दिवा लागला की थोड्या वेळानं पाण्यात विजेचा हलका चटका बसे. मासा हळूहळू शहाणा होई आणि दिवा लागताच पलीकडे पळे. चटक्याचं बटण दाबताना सर हटकून मान फिरवायचे. "तुम्ही बघा, बाई," मला म्हणायचे, "मला त्याच्याकडे बघवत नाही." मी म्हणायचे, "सर, बाजारात तो तव्यावर गेला असता." त्यावर ते म्हणायचे, "तव्यावर जाणाऱ्याला आधी कुणी शिकवत तरी नाही."

"आठवण म्हणजे लोणचं आहे, बाई," हे त्यांचं आवडतं वाक्य. "घातलं की झालं असं नाही. मुरावं लागतं." मुरताना मेंदूत नेमकं काय होतं, याचा त्यांना ध्यास होता. काही शिकल्यावर मेंदूतल्या पेशी नवं प्रथिन तयार करतात, आणि एका पेशीचा निरोप दुसरीला जिथे मिळतो तो सांधा त्यामुळे पक्का होतो, असं त्यांचं म्हणणं. बाटलीतलं औषध हे प्रथिन बनणंच थांबवी. शिकून तयार झालेल्या माशाला ते लगेच टोचायचं आणि काही दिवसांनी पुन्हा दिवा लावून बघायचं. मासा धडा विसरला असेल तर सरांचं म्हणणं खरं. परदेशातल्या माशांवर हे झालं होतं, आपल्या नदीतल्या माशांवर कुणी केलेलं नव्हतं. बाटली एकच होती. दुसरी मागवायला ना कॉलेजकडे पैसा होता ना सरकारची परवानगी. त्यामुळे जे काय व्हायचं ते त्या बाटलीत व्हायचं होतं.

आणि नेमका दुष्काळ पडला. नगरात नळाला पाणी यायचं ते नावाला. आमच्या दोन टाक्या, एकीत औषध टोचलेले मासे, दुसरीत नुसतं मिठाचं पाणी टोचलेले. दोन्ही टाक्यांना गोडं पाणी लागे आणि ते सार्वजनिक नळावरून आणावं लागे. शिपायाला पाठवायची सरांना लाज वाटायची म्हणून ते स्वतः बादली घेऊन रांगेत उभे राहत. एक दिवस पुढच्या बाईनं विचारलं, "मास्तर, तुमच्या माश्यांला गोड पानी, आन् आमच्या लेकरांनी काय प्यायचं?" ती भांडली नाही, हसतच म्हणाली. हसली म्हणूनच सरांना जास्त लागलं. त्यांनी आपला नंबर सोडला आणि रिकामी बादली घेऊन परत आले.

त्या दिवसापासून एकाच टाकीला नळाचं पाणी, तेही जेमतेम. दुसरीला कॉलेजच्या मागच्या विहिरीचं. ते इतकं मचूळ होतं की कुणी तोंडात धरत नसे. दाराजवळची टाकी विहिरीच्या वाटेवर पडायची, म्हणून तीच निवडली. औषध टोचलेले मासे त्याच टाकीत होते. लेकरांचं पाणी वाचलं म्हणून सरांना इतकं हलकं वाटलं होतं की बाकी कशाचा विचारच त्यांच्या मनात आला नाही. माझ्याही नाही.

प्रयोग फत्ते झाला. औषध घेतलेले मासे धडा साफ विसरले, बाकीचे दिवा लागताच पळाले. सरांनी निबंध छापला. इथल्या वर्तमानपत्रानं त्यांचा फोटो टाकला आणि संस्थेच्या अध्यक्षांनी सत्कार जाहीर केला. बाटली तोवर संपली होती.

सत्काराच्या आधीच्या आठवड्यात जागा नाही म्हणून आम्ही काही नवे मासे शिकवून झाल्यावर तात्पुरते दाराजवळच्या टाकीत सोडले. त्यांना औषध दिलेलं नव्हतं, सुई म्हणून टोचलेली नव्हती. चार दिवसांनी दिवा लावला तर ते जागचे हलेनात. सरांनी टाकीत बोट बुडवून पाणी जिभेला लावलं. मग म्हणाले, "बाई, हे पाण्यानं विसरले." पहिल्या वर्षाच्या मुलांना आम्ही घोकून घेतो, की दोन गटांत फरक एकच ठेवा, बाकी सगळं सारखं. इथे फरक दोन झाले होते.

मी म्हटलं, "औषधाचाही परिणाम असेलच. परदेशात झालाय."

"असेल. पण मी तो दाखवलेला नाही."

"मग निबंधाची दुरुस्ती पाठवा, सर. सत्कार होऊन जाऊ द्या."

त्यांनी टाकीवर झाकण ठेवलं. मला वाटलं, पटलं.

सत्काराला सरांची आई आली होती. ठेवणीतलं लुगडं, सोबत गावातल्या दोन बायका, पहिल्या रांगेत बसलेल्या. अध्यक्षांनी भाषण केलं आणि शाल उघडली. तेव्हा सर माईकपुढे गेले. "मी जे छापलं ते सिद्ध झालेलं नाही," ते म्हणाले. "मासे औषधानं विसरले की पाण्यानं, हे मला सांगता येत नाही. चूक माझी आहे. ही शाल मला घेता येणार नाही."

अध्यक्ष गोंधळले. "सर, शाल तर घ्या. शास्त्राचं आपण मागनं बघू." मागच्या रांगेत कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. सर हात जोडून उभेच. अध्यक्षांनी शालीची पुन्हा घडी घातली. मला एरवी लाज शिवत नाही, पण त्या वेळी धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

बाहेर लिंबाखाली आई उभ्या होत्या. सर जवळ गेले. त्या हळू बोलल्या, पण मला ऐकू आलं. "बाळू, मी गेल्यावर बोलायचं हुतं. या बायांसंगं मी आता गावात कशी जाऊ?"

माझंही मत आईंसारखंच होतं आणि अजूनही आहे. खरं चार दिवसांनी सांगितलं असतं तर ते शिळं झालं नसतं.

पुढे सर तिथेच शिकवत राहिले. दुसरी बाटली काही आली नाही. दुसऱ्या कुणाचे निबंध आले की ते वर्गात रंगून सांगत. आपला प्रयोग सांगत तो मात्र चूक कशी होते हे शिकवताना. मुलं हसायची, तेही हसायचे.

ते निवृत्त झाले तोवर आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. निरोपाला त्यांनी चहा घेतला, भाषणं ऐकली, पण शाल काही अंगावर घालू दिली नाही. सगळे गेल्यावर मी विचारलं, "अजून तेच का, सर? ही तर नोकरीची होती."

"तो राग नाही, बाई." ते म्हणाले, "शाल म्हटली की मला आईच्या खांद्यावरची आठवते. सत्कारानंतर आई देवळात जाईना. बायका विचारायच्या, ल्योकाला शाल मिळाली का. शेवटी मी कापडबाजारातून एक चांगली शाल घेतली आणि गावी नेली. तिच्या खांद्यावर घातली. काही सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. संध्याकाळी बायका आल्या. शालीला हात लावून म्हणाल्या, सभेतली व्हय ही? मी दारात होतो. आई जे म्हणेल त्याला हो म्हणायचं, असं एसटीत बसतानाच ठरवलं होतं."

"मग?"

"म्हणाली, न्हाई. सभेतली त्यानं घेतली न्हाई. त्याचं चुकलं हुतं, त्यानं सांगितलं. ही इकत आनलीय." सरांनी कपातला उरलेला चहा बघितला आणि कप खाली ठेवला. "मी खोट्याला मान डोलवायला उभा होतो, बाई. आणि माझ्या आईनं मला तशी पाळीच येऊ दिली नाही."