बॉयलर आणि मेव्हणा

'न्याय' हा शब्द वकीलबाईंच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. वकिलाच्या बाबतीत हे जरा विचित्रच. एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "अहो, न्याय म्हटलं की मालक लोक माना डोलवतात. खर्च म्हटलं की पेन काढतात."

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी तेव्हा मनुष्यबळ विभाग होतो. विभाग म्हणजे एक टेबल, एक पंखा आणि मी. बायकांच्या छळाच्या तक्रारींसाठी कायद्यानं समिती लागते, आणि तिच्यात बाहेरचं एक माणूस लागतं, म्हणून मालकांनी वकीलबाईंना नेमलं. नेमलं म्हणजे नावाचा फलक लावला, फलकाला हार घातला आणि विषय संपवला.

बाई मात्र खरंच यायच्या. भर उन्हात स्कूटरवरून, पिशवीत ताकाची बाटली घेऊन. कारखान्याचा चहा त्यांनी कधी घेतला नाही. "चहा घेतला की माणूस पाहुणा होतो," त्या म्हणायच्या, "आणि पाहुण्यानं वाईट बोलायचं नसतं."

शिलाई विभागात सुनंदा होती. माहेर करकंबचं, घरात कमावणारी एकटी. तिथला सुपरवायझर म्हणजे मालकांचा मेव्हणा. तो येता-जाता अंगचटीला यायचा. सुनंदानं लेखी तक्रार केली. ती समितीपर्यंत पोचायच्या आत मालकांनी स्वतःच निकाल लावला. राखी पौर्णिमा केव्हाच उलटून गेली होती, तरी सगळ्या कामगारांना अंगणात जमवून सुनंदाकडून मेव्हण्याला राखी बांधून घेतली. पेढे वाटले. फोटो काढून ऑफिसात टांगला. दुसऱ्या दिवशी सुनंदाला मशीनवरून उठवून गोदामात झाडू मारायला पाठवलं. पगारही झाडूच्या मापाचा. भावाला अवघडल्यासारखं होऊ नये, एवढाच हेतू.

बाई आल्या आणि फोटोसमोर उभ्या राहिल्या.

"झकास आलाय, मालक. मोठा करून घ्या."

मालक खुलले. "घेतो की! आपल्याकडं सगळं घरच्यासारखं असतंय, मॅडम."

"कोर्टात लागेल. तक्रार तुम्हाला माहीत होती, चौकशी केली नाही, वर त्या बाईलाच हलवलं. सगळं एका फोटोत बसलंय. दंड, भरपाई, आमच्यासारख्यांची फी. आणि तुमचं ते परदेशी गिऱ्हाईक? त्यांचा माणूस तपासणीला आला की आधी भिंती बघतो."

मालकांनी पेन काढलं. मग केविलवाण्या आवाजात म्हणाले, "पण घरचं माणूस हाय ओ ते."

"बॉयलरची दरवर्षी तपासणी करता ना? कशाला करता?"

"फुटला तर कारखाना जाईल की!"

"मग मेव्हण्याची कोण करणार?"

मालकांनी कागदावर लिहिलं, 'मेव्हणा – तपासणी'.

बाईंनी सुनंदाला बोलावून घेतलं. "तुला काय हवंय, ते यांच्यासमोर सांग."

सुनंदानं पदर खोचला. "मला भाऊ नगं, मॅडम. दोन भाऊ हायत मला करकंबात, त्येच लई झाले. माझी मशीन तेवढी द्या."

रीतसर चौकशी झाली. सुनंदाची बाजू खरी ठरली, मेव्हणा घरी गेला आणि सुनंदा मशीनवर. भिंतीवरून फोटोही उतरला. मालकीणबाईंनी बरेच दिवस मालकांशी अबोला धरला. तो खर्च तेवढा बाईंनी सांगितला नव्हता.

यंदा बाई मुलीकडं नाशिकला कायमच्या राहायला गेल्या. निरोपाला मालकांनी शाल, नारळ आणि लांबलचक भाषण दिलं. त्याचं सार एवढंच, की बाईंनी कारखान्याचे लई पैसे वाचवले. मी बाईंच्या कानाशी लागलो, "यांना अजून वाटतंय, तुम्ही पैसे वाचवायलाच येत होता."

"वाटू द्या. तो समज मोडू नका."

एवढ्यात सुनंदा आली. आता ती समितीवर आहे. समितीच्या बैठकीत मालकांना "थांबा, माझं बोलून होऊ द्या" म्हणते. तिच्या हातात चहाचा कप होता. बाईंनी तो घेतला. आता वाईट बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मीही एक कप घेतला. चहा कसला, पाकच होता.

"कसा झालाय, मॅडम?"

"उत्तम," बाई म्हणाल्या आणि कप रिकामा केला. इतक्या वर्षांत त्यांना खोटं बोलताना मी त्या दिवशीच पाहिलं.